शोभाच्या नावाची रिकामी जीप

फिरून आलेला माणूस चार दिवस तरी मिरवतो. आमच्या पांढुर्ण्यात तर काशीहून आलेला आणि नागपूरहून आलेला, दोघंही सारख्याच ऐटीत चहाच्या टपरीवर बसतात. मी मात्र जंगलातून परत आल्यापासून टपरीवर गेलो नाही. वाटेत कोणी विचारलंच, "कसं झालं जंगल?" तर "झालं बाप्पा" म्हणून पुढं सटकतो.

लिहायला बसलो तेव्हा माझी बायको शोभा म्हणाली, "लिहाचं असन तं सगळं लिहा. अर्धं लिहाचं असन तं राहू द्या. तुमचं अर्धं बोलणं मी तीस वर्षांपासून ऐकून राहिली." तेव्हा सगळं लिहितो. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाघासाठी वाचणाऱ्यांनी इथंच थांबावं.

पांढुर्णा

मी संत्र्याचा व्यापारी. बगिचा तोडायला घेतला की माल भरायला ट्रक लागतो, आणि ट्रक सांगायची आमची एक रीत आहे. एक गाडी हवी असेल तर तिघांना सांगायचं. एकाचं टायर फुटतं, दुसऱ्याला जवळचं भाडं मिळतं, तिसरा येतो. दोन आल्या तर एकाला चहा पाजून वाटेला लावायचं. तो शिव्या देत जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, कारण त्यानंही तीन व्यापाऱ्यांना हो म्हटलेलं असतं. सगळेच तसे, म्हणून कोणाला काही वाटत नाही. "हातची एक असू द्यावी," असं माझे वडील म्हणायचे, मीही म्हणतो.

आमची मुलगी गेल्या वर्षी सौंसरला दिली. ती आणि जावई पुण्यात असतात. इवाई, म्हणजे व्याही, तिचे सासरे, सौंसरच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. शांत माणूस. लग्नात माझ्याकडून मानपानात थोडी कसर राहिली होती, ते बोलले नाहीत, पण मला ती सलत होती. म्हणून एके दिवशी त्यांच्या ओसरीवर बसून मी छाती फुगवून बोलून गेलो, "चला गुरुजी, तुमाले वाघ दाखवतो!"

जंगलात जायचा परवाना आता कॉम्प्युटरवर निघतो. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी आदल्या दिवशी गेटाजवळच्या गावात मुक्कामाला जायचं, पहाटे खिडकीशी रांग लावायची आणि हातात कागदाची पर्ची घ्यायची. आता घरी पलंगावर बसून मोबाइलवर नावं भरा, ओळखपत्राचा नंबर टाका, झालं. मला ते फार आवडलं. ट्रकवाल्याच्या हातापाया पडण्यापेक्षा बरं.

अडचण एकच होती. विहीणबाईंच्या बहिणीकडं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि त्याचा दिवस ठरता ठरत नव्हता. शुक्रवार, शनिवार की रविवार, काही सांगता येईना. गुरुजी म्हणाले, "दिवस ठरला का मग काढू परवाना. घाई कायची?"

मी म्हटलं, "तुमी चिंता नका करू, माह्यावर सोडा."

आणि मी काय केलं? तिन्ही सकाळींचे परवाने काढले. आम्ही चौघं, म्हणून दर सकाळी एक अख्खी जीप. त्या गेटावर सकाळी मोजक्याच जीपा सोडतात, तेवढ्यात आमची एक, तीन दिवस. एकाच माणसाच्या नावावर तीन परवाने दिसले तर कॉम्प्युटरला संशय यायचा, म्हणून पुढारी, म्हणजे ज्याच्या नावानं परवाना निघतो तो, प्रत्येक दिवशी वेगळा केला. शुक्रवारी शोभा, शनिवारी गुरुजी, रविवारी मी. शोभाच्या मोबाइलवर आलेला आकडा तिनं भाजी चिरता चिरता वाचून दाखवला. गुरुजींनी फोनवर दोनदा विचारलं, "बँकेचा तं नाई नं इवाई?" मी हसलो. कशाचा आकडा आहे ते मात्र दोघांनाही नीट सांगितलं नाही.

शुक्रवारी माझी गाडी भरायची होती. त्या दिवशीचा परवाना मला आठवलाही नाही. शनिवारी साक्षगंध ठरलं. म्हणजे दोन परवाने वाया. गेले तर माझे गेले, दुसऱ्याच्या बापाचं काय गेलं, असं मी मनात म्हटलं. मोबाइलवर रद्द करायचं बटन होतं. रद्द केलं की ती जागा दुसऱ्याला मोकळी होते, असं त्याच्याखाली लिहिलेलंही होतं. ते मी पाहिलं होतं. पण शेवटच्या घडीपर्यंत हातची सोडायची नाही, हीच सवय.

सौंसर आणि पुढं

शनिवारी सकाळी तिगावच्या बगिच्यातून एक क्रेट संत्री डिक्कीत टाकली आणि सौंसर गाठलं. साक्षगंधाचं जेवण फक्कड होतं. दुपारी निघालो तेव्हा गुरुजी पुढं माझ्या शेजारी, दोघी मागं. गुरुजींना वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची सवय आहे. "रामाकोना... पंक्चर... शुद्ध शाकाहारी..." असं चालू होतं. विहीणबाई मागून म्हणाल्या, "शाळा सुटली तुमची, आता तरी गप बसा!" कन्हान नदी ओलांडली, कापसाची वावरं मागं पडली आणि सागाचं जंगल लागलं. फेब्रुवारीचा शेवट होता. सागाची पानं रस्ताभर पडलेली आणि मधूनच एखादा पळस लालभडक पेटलेला. विहीणबाईंनी काच खाली केली. मग म्हणाल्या, "इतकं जवळ हाये आन् मी साठ वर्षांत कधी आली नाई."

मोबाइलच्या नकाशानं एकदा आम्हाला कोणाच्या तरी वावरात नेऊन सोडलं. हरभरा सोंगणारी एक बाई विळा हातात घेऊन उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली, "सब इधरिच आते हैं. वो फोनवाली बाई सबको मेरे खेत में भेजती है." तिनं हातानं रस्ता दाखवला. आम्ही तिला चार संत्री दिली.

गेटाचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांना आमच्याकडून झाला तेवढा त्रास पुरे.

सुनंदाबाईंचं घर

राहायची सोय मी फोनवरून केली होती, एका घरात. मातीचं सारवलेलं अंगण, बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेली एक मोठी खोली, भिंतीवर चुन्यानं काढलेले मोर. मांडवाखाली एक उघडी जीप उभी होती, तिच्यावर गोधडी झाकलेली. घरधनीण बाहेर आली, चाळिशीची, अंगानं सडसडीत. शोभा आणि विहीणबाई मराठीत बोलताना ऐकून ती दारातच थबकली.

"कुठले जी तुमी?"

"मी पांढुर्ण्याची, ह्या सौंसरच्या," शोभा म्हणाली.

"अवो माय!" तिनं दोन्ही हात गालाला लावले. "माहं माहेर बोरगावच्या अल्याडचं. ईस वर्षं झाले इकडं येऊन. इथं सारे हिंदी बोलतेत, नाई तं गोंडी. माह्या भाषेत बोलाले माणूस भेटत नाई मले!"

तिचं नाव सुनंदा. तिनं पाणी आणलं, गूळ आणला, शोभाला आणि विहीणबाईंना हळदीकुंकू लावलं आणि मला सरळ भाऊ करून टाकलं. मी संत्र्यांचा क्रेट उतरवला तेव्हा तिनं एक संत्रं हातात घेतलं, हुंगलं आणि पदरानं डोळे पुसले. मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाहुण्यांची नावं लिहायची वही खुंटीला दोरीनं बांधलेली होती. मी खिशातून पेन काढलं तर ती हसली. "काय करून राहिले भाऊ? माहेरच्या माणसाईचे नावं कोनी वहीत लिहिते का? राहू द्या!"

तिचा नवरा फूलचंद हिंदीत बोलणारा, कमी बोलणारा. जीप त्याची. तोच ती गेटावर चालवतो. त्यानं गुरुजींना राम राम केला आणि चुलीसाठी लाकडं फोडायला गेला.

पातोडी

दिवेलागणीला अंगणातच ताटं वाढली. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि पातोडीचा रस्सा! बेसनाच्या वड्या, वर खसखस-खोबरं आणि तर्री अशी की घाम फुटावा. सुनंदा म्हणाली, "इकडं पातोडी कोनाले माहीत नाई. ह्याईले वाटते, बेसन वाया घालवते बाई." फूलचंद पहिल्यांदाच हसला. मी तिसरी वाटी मागितली.

जेवता जेवता गुरुजींनी विचारलं, "धंदा कसा हाये जंगलाचा?"

"होता," ती म्हणाली. "परवाने खिडकीवर भेटत तवा लोकं आदल्या दिवशीच येत. रांग लावाची असे नं. मंग राहाले खोली लागे, जेवाले लागे. एखादा आला नाई तं मागचा माणूस जीपमध्ये बसून जाये. जीप रिकामी राहत नव्हती. आता नावं कॉम्प्युटरवर बसली. तो माणूस येवो का न येवो, जागा त्याचीच. दुसऱ्याले देता येत नाई."

"पण न येणारे असतात का?" गुरुजींनी विचारलं. "नाव टाकून?"

"असतेत का म्हंजे! कालचंच पाहा नं." तिनं भाकर माझ्या ताटात टाकली. "जीपाईचे नंबर लागतेत इथं. ह्याईचा नंबर आठ-दहा दिवसांनी येते. शुक्रवारी आला होता. अंधारात उठले, जीप पुसली, गेटावर जाऊन उभे. कोनी शोभा नावाची बाई होती, तिच्या नावानं जीप. दिवस वर येतवर शोभा मॅडम, शोभा मॅडम करत उभे राहिले. आली नाई. फोन नाई, काई नाई. जीपचं भाडं माणूस आला तं गेटावर भेटते, तेबी गेलं. आन् नंबर लागला म्हंजे लागला, आता पुन्हा खाली."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. समोर शोभा बसली होती. सुनंदा तिला आल्यापासून वहिनी म्हणत होती, नाव तिला ठाऊकच नव्हतं. शोभानं ताटातून मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. तिला एका क्षणात सगळं समजलं, तो भाजी चिरतानाचा आकडासुद्धा.

सुनंदा बोलतच होती. "त्याच दिवशी जबलपूरचे एक म्हातारे नवराबायको येणार होते, दर साली येतेत पाखरं पाहाले. तीन दिवस राहतेत ह्या खोलीत. त्याईनं फोन केला का बाई, कॉम्प्युटरवर जागा नाई, सारं भरलं दाखवून राहिलं. मंग ते नाई आले. जागा होती नं! जीप रिकामी उभी होती!" तिचा आवाज चढला आणि मग उतरला. "हे म्हणतेत, बस झालं. बोरगावले कंपनीत लागतो, खोलीत धान्य भरू. मीच म्हटलं, होळीपर्यंत पाहू. माह्या हातानं लिपली ही खोली मी. पाहुणे येतेत तं घराले घरपण वाटते."

आता बोलायला हवं होतं. "बाई, ते आम्हीच," एवढे तीन शब्द. ते माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण गुरुजी बाजूला बसलेले, विहीणबाई बसलेल्या, मी भाऊ झालेलो आणि तिसरी वाटी समोर. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"कशी लोकं असतात!" मी म्हणालो. "अशा बाईले पुन्हा गेटावर पाय ठेवू देऊ नये! लाजच नाई, दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारी जात!"

आणि एवढ्यावर थांबलो नाही. आणखी दोन वाक्यं बोललो, ती इथं लिहायची माझी हिंमत नाही. शोभा म्हणाली होती सगळं लिहा, पण ती दोन वाक्यं मला माफ करा. माझ्या बायकोच्या नावानं, माझ्या बायकोसमोर, तिनं न केलेल्या गोष्टीसाठी मी शिव्या दिल्या आणि वर पातोडी खाल्ली.

गुरुजींनी मान डोलावली. "बरोबर बोलले इवाई."

शोभा उठली, आपलं ताट मोरीवर नेलं आणि सुनंदा नको नको म्हणत असताना सगळ्यांची ताटं घासायला बसली.

झोपायच्या आधी खोलीच्या दाराशी ती मला एवढंच म्हणाली, "मले शिव्या देल्या तुमी."

"तुले नाई गं. मी आपलं..."

"मंग कोनाले?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो सगळं तिले. सकाळी." ती पाठ करून निजली.

रविवार, गेट

सकाळी मी सांगितलं नाही. सुनंदानं अंधारात उठून चहा केला, शिदोरी बांधून दिली, विहीणबाईंना आपली शाल दिली, कारण उघड्या जीपमध्ये वारा लागतो. मी दोनदा चुलीपाशी गेलो आणि दोनदा "पाणी गरम आहे का" विचारून परत आलो. धंद्यात मी कधी शब्दाला अडलेलो नाही. त्या दिवशी अडलो.

आमच्या वाट्याला दुसऱ्याचीच जीप आली. फूलचंदच्या घरात राहूनही त्याच्या जीपमधून जाता येईना, त्याचा नंबर शुक्रवारी वाया गेलेला. तरी तो आम्हाला रस्ता दाखवायला गेटापर्यंत आला, गळ्याला मफलर, हात खिशात.

गेटावर एक तरुण कारकून हातात मोबाइल घेऊन ओळखपत्रं तपासत होता. मी परवाना दाखवला. त्यानं चौघांची नावं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. कपाळाला आठ्या घालून त्यानं बोटानं वरखाली केलं.

"शोभा कौन है?" तो मोठ्यानं म्हणाला. "ये नाम तो परसों भी था. कल भी था. चारों नाम वही हैं. परसों क्यों नहीं आए आप लोग?"

फूलचंद पाच पावलांवर होता. त्यानं वळून पाहिलं. माझ्याकडं नाही, गुरुजींकडंही नाही. दोन्ही बायकांकडं पाहिलं, कोणती ती शोधत.

मी म्हणालो, "वो कम्प्यूटर की कुछ गड़बड़..."

"गडबड काई नाई," शोभा म्हणाली. ती पुढं गेली, डोक्यावरचा पदर सावरला आणि फूलचंदसमोर उभी राहिली. तिचं हिंदी मोडकं आहे, पण त्या सकाळी ते मला फार स्वच्छ ऐकू आलं. "मैं ही शोभा. परसों का परमिट मेरे ही नाम का था. आप खड़े रहे, मैं नहीं आई. मुझे माफ करो, भैया." माझं नाव तिनं घेतलं नाही. आपल्याला माहीत नव्हतं, असंही म्हणाली नाही.

फूलचंदनं तिला हात जोडले. "कोई बात नहीं, बहनजी," म्हणाला आणि परत जायला निघाला. मी त्याच्यामागं दोन पावलं गेलो आणि थांबलो. काय सांगणार होतो? संत्री घे?

गुरुजी अजून कारकुनाच्या मोबाइलकडं पाहत होते. "कालच्या दिवशी पुढारी कोन होता?" त्यांनी विचारलं. कारकुनानं त्यांचंच नाव वाचलं. गुरुजींचा चेहरा उतरला. ते जीपमध्ये चढले. बसल्यावर हळूच म्हणाले, "इवाई, मी पस्तीस वर्षं पोराईची हजेरी घेतली. तुमी माहीच गैरहजेरी लावली. आन् मले सांगतलंबी नाई."

मानपानातली कसर भरून काढायला मी त्यांना नेलं होतं.

जंगल

जंगल सुंदर आहे, तुम्ही जरूर जा. सकाळच्या धुक्यातून चितळांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला, शेवटचं पाडस मध्येच उभं राहून आमच्याकडं पाहत राहिलं. भुताचं झाड म्हणतात त्याची पांढरीफटक खोडं, मोराची ओरड, नदीच्या वाळूत वाघाचे ताजे ठसे. ठसे पाहून विहीणबाईंनी हात जोडले. गाइड काही ना काही दाखवत होता आणि आम्ही चौघं हूं हूं म्हणत होतो. एरवी मी वाघ दिसेपर्यंत ड्रायव्हरचा पिच्छा सोडला नसता. त्या दिवशी मनात आलं, वाघ न दिसला तर बरं. ह्या फेरीत मला काही चांगलं मिळावं असं वाटत नव्हतं.

ड्रायव्हर फूलचंदचा चुलतभाऊ निघाला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वाईट वागला नाही. फक्त उतरताना म्हणाला, "आप तीन दिन का क्यों लेते हो साहब? एक दिन का लो, पर आओ."

मी त्याला आमची ट्रकची रीत सांगायला लागलो. एक गाडी हवी असली की तीन सांगतो, वगैरे. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की मी काय बोलतोय. आमच्या बाजारात ट्रकवालाही मला फसवतो, मीही त्याला फसवतो, फिटाफिट. इथं तर फूलचंदनं तीन जणांना हो म्हटलं नव्हतं. तो एकट्या शोभासाठीच उभा होता.

वही

परत आलो तेव्हा सुनंदाला कळलेलं होतं. अंगण झाडलेलं, आमच्या पिशव्या खोलीतून काढून ओसरीवर नीट लावून ठेवलेल्या. तिनं चहा दिला. चहा चांगला होता. दोघींना हळदीकुंकू लावलं, शोभाच्या कपाळाला लावताना तिचा हात जरा जास्त वेळ थांबला.

मग ती आत गेली आणि खुंटीवरची वही घेऊन आली. दोरी सोडून. वही माझ्यासमोर ठेवली, वर पेन.

"नाव लिहून द्या," ती म्हणाली. "तपासाले येतेत कधी कधी."

भाऊ म्हणाली नाही. मी वही उघडली. नाव, गाव, कधी आले, कधी गेले. शेवटची नोंद डिसेंबरातली होती. पेन हातात घेऊन मी म्हणालो, "बाई, ते परवाने मीच काढले होते. हिचा काही दोष नाई. रात्री तुमच्या ताटावर बसून मी जे बोललो..."

"माहीत हाये," ती म्हणाली. "तुमचा आवाज चढला होता नं, तवाच मले वाटलं. खरं बोलणारा इतका चढत नाई." आणि मग, "तुमी रात्री सांगतलं असतं तं मी हासली असती, भाऊ. खरंच हासली असती. माहेरची माणसं, चुकलं त्याईचं, म्हटलं असतं."

तो एक भाऊ तिच्या तोंडून चुकून निघाला असावा. मी मान खाली घालून वहीत लिहिलं. "कधी आले" खाली शनिवारची तारीख लिहिताना वाटलं, शुक्रवारची लिहावी. पण शुक्रवारी आम्ही आलोच नव्हतो.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी एकही पाटी वाचली नाही.

होळीनंतर

होळी झाली. मृग बहराच्या संत्र्यांचा शेवटचा माल निघत होता. माझ्याकडचा माणूस विचारायला आला, "तिघाईले सांगू नं गाडी?" मी म्हटलं, एकालाच सांग. तो एक आला नाही आणि माल दिवसभर उन्हात पडून राहिला. माझा माणूस सगळीकडं सांगत फिरला की शेठ जंगलातून आल्यापासून बिघडले. बिघडलो असेन.

त्याच आठवड्यात गुरुजींचा फोन आला. आता ते कामापुरतंच बोलतात. "इवाई, काल सौंसरच्या बसस्टँडवर फूलचंद दिसला. हातात डबा. बोरगावच्या गाडीत चढून राहिला होता. मी तोंड लपवलं. त्यानंच मले पाहून राम राम केला." आणि फोन ठेवला.

एकट्या माझ्यामुळं ती खोली बंद झाली असं नाही. माझ्यासारखे पुष्कळ असतील, पलंगावर बसून तीन-तीन दिवस धरून ठेवणारे. पण ती होळीपर्यंत वाट पाहणार होती आणि त्या थोड्याच दिवसांतले दोन मी खाल्ले, हे मला माहीत आहे.

सुनंदाला फोन करायचं माझ्यानं झालं नाही. नंबर काढायचो आणि मोबाइल खाली ठेवायचो. शेवटी शोभानंच लावला. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. "मी शोभा बोलते," तिनं एवढं म्हटलं आणि मग बराच वेळ नुसती हो-हो करत राहिली. खोलीत तुरी भरल्या का, पोरगी कितवीत गेली, खसखस भाजून घेते का कच्ची, असं काय काय चाललं. मध्ये दोघी हसल्यासुद्धा.

तिनं फोन ठेवल्यावर मी आत गेलो.

"काय म्हणे?"

"मले बलावलं तिनं," शोभा म्हणाली. "माहेरी येणार हाये म्हणे उन्हाळ्यात, बोरगावले. तिथं ये म्हणे दोन दिवस, पातोडी करू."

मी पुढं सरकलो. मग विचारलंच, "आन् मले?"

शोभा भाजी निवडायला बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमचं नाव नाई घेतलं तिनं."